सत्तेचाळीस कादंबऱ्यांचा अपराध

वाङ्मयाच्या प्रांतात काही समजुती अशा आहेत, की त्यांस कोणी पुरावा मागत नाही. पुष्कळ लिहिणारा लेखक हलकाच असावयाचा, ही त्यांपैकी एक. एखाद्याने उभ्या आयुष्यात दोनच पुस्तके लिहिली, तर त्याच्या मौनासही आपण चिंतन म्हणतो. आणि दुसऱ्याने चाळीस लिहिली, की ती न वाचताच ‘एक ना धड भाराभर चिंध्या’ ही म्हण त्याच्या कपाळी चिकटवून मोकळे होतो. इंग्रज कादंबरीकार अँथनी ट्रोलप (१८१५–१८८२) हा या समजुतीचा फार जुना बळी आहे. त्याच्या नावावर ४७ कादंबऱ्या आहेत. आमच्या पदवीधरांस त्याच्याविषयी बहुधा एकच गोष्ट ठाऊक असते : हा गृहस्थ समोर घड्याळ ठेवून लिहीत असे. एवढ्या एका माहितीवर जो निकाल दिला जातो तो अन्यायाचा तर आहेच. पण त्याच्या मुळाशी वाङ्मयनिर्मितीविषयीची जी कल्पना आहे ती आम्हांस त्याहून अधिक घातक वाटते.

फिर्यादी पक्षाचे म्हणणे प्रथम पूर्णपणे मांडले पाहिजे. गंमत अशी, की त्यांचा सारा पुरावा आरोपीनेच पुरविलेला आहे. ट्रोलपचे आत्मचरित्र त्याच्या मृत्यूनंतर, १८८३ साली, प्रसिद्ध झाले. त्यात तो सांगतो, की आपण पहाटे साडेपाचला मेजाशी बसत असू. वेळेवर उठविण्याबद्दल घरच्या वृद्ध नोकरास वर्षाला ५ पौंड जादा देत असू. घड्याळ पुढे ठेवून दर पाव तासास २५० शब्द याप्रमाणे लिहीत असू. आणि आठवड्यास किती पाने झाली याची नोंद रोजनिशीत ठेवीत असू. एक कादंबरी संपली, की दुसऱ्या दिवशी पुढची सुरू. लेखकाची तुलना त्याने जोडे शिवणाऱ्या कारागिराशी केली. आणि शेवटी ग्रंथांपासून झालेल्या प्राप्तीची यादी देऊन बेरीजही मांडली : ६८,९३९ पौंड, १७ शिलिंग, ५ पेन्स. सरस्वतीच्या मंदिरात ही कीर्द-खतावणी पाहून रसिक मंडळींचा जीव घाबरा झाला असल्यास नवल नाही.

परंतु त्याच पुस्तकातील दुसरी हकीकत ही मंडळी सोयीस्करपणे विसरतात. त्या तीन तासांपैकी पहिला अर्धा तास तो आदल्या दिवशीचा मजकूर वाचण्यात, त्यातील शब्दांचा नाद कानाने तोलण्यात घालवी. लहानपणी एकाकी असताना मनातल्या मनात गोष्टी रचीत राहण्याची त्यास सवय लागली होती. एकच कथा तो महिनोन् महिने, काही असंभाव्य घडू न देता, चालवीत असे. पुढे त्याची पात्रेही त्याच्याबरोबर अशीच जागेपणी व झोपेत वावरत. म्हणजे घड्याळ मोजीत होते ते हाताचे काम. मनाच्या कामास वेळापत्रक नव्हते. हातास शिस्त लाविली म्हणून मन कोरडे होते, हा शोध कोणत्या शास्त्राचा, हे आम्हांस अद्याप कळलेले नाही.

आता द्रव्यलोभाचा आरोप. ट्रोलप १८३४ साली टपालखात्यात कारकून म्हणून लागला आणि १८६७ पर्यंत त्या नोकरीत राहिला. इंग्लंडच्या रस्त्यांवर आज दिसणाऱ्या पत्रपेट्यांचा पहिला प्रयोग १८५२ साली चॅनेल बेटांवर झाला, तो त्याच्याच सूचनेवरून. पहाटेचे तीन तास हे अशा नोकरदार माणसाने झोपेतून कापून काढलेले तास होते. आणि त्यांचे फळ काय मिळाले? त्याची पहिली कादंबरी १८४७ साली निघाली व पडली. दुसरीच्या ३७५ प्रती छापल्या, त्यांतील १४० खपल्या. तिसरीही बुडाली. १८५५ साली निघालेल्या ‘द वॉर्डन’बद्दल पहिला हिशेब आला तो ९ पौंड, ८ शिलिंग, ८ पेन्सचा. पैशासाठीच लिहिणारा मनुष्य अशा धंद्यातून केव्हाच उठून गेला असता.

खरी अडचण वेगळीच आहे. प्रतिभा म्हणजे लहर, आणि लहर म्हणजे अनियमितपणा, असे समीकरण आपण मनाशी बांधून ठेवले आहे. महाराष्ट्राने तरी ते इतक्या सहज मान्य करावयास नको होते. गोरोबा चाकावरून उठले नाहीत, सावतोबांनी मळा सोडला नाही, नरहरी सोनारांनी हत्यारे खाली ठेविली नाहीत. तरी त्यांच्या अभंगांस कोणी कारखान्याचा माल म्हणत नाही. हरिभाऊ आपट्यांच्या कित्येक कादंबऱ्या १८९० साली निघालेल्या ‘करमणूक’ या साप्ताहिकाच्या अंकांतून, आठवड्यांमागून आठवडे, वाचकांच्या हाती पडत गेल्या. आठवड्याचा अंक लेखकाच्या लहरीसाठी खोळंबत नसतो. ज्या नेमाने मराठी कादंबरी उभी राहिली, तोच नेम इंग्रज लेखकाच्या ठायी दिसला की आपण नाक मुरडावे, हे चमत्कारिक नव्हे काय?

पण विपुलतेबद्दल ट्रोलपला क्षमा करावी, एवढेच आमचे मागणे नाही. विपुलता हेच त्याच्या कलेचे साधन होते, असा आमचा दावा आहे. त्याची कसोटी एका उदाहरणाने पाहू. ‘द वॉर्डन’मधील मिस्टर हार्डिंग हा बारा निराश्रित वृद्धांसाठी स्थापिलेल्या धर्मादाय संस्थेचा प्रमुख. म्हाताऱ्यांस रोजचे काही पेन्स आणि प्रमुखास वर्षाचे ८०० पौंड, हे न्याय्य आहे काय, असा प्रश्न निघतो. वृत्तपत्र त्याच्यावर तुटून पडते. कायदा त्याच्या बाजूने असतानाही तो मन खाते म्हणून जागा सोडतो. हा भिडस्त मनुष्य गोंधळला, की समोर वाद्य नसतानाही हवेत चेलो वाजविल्यासारखे हात हलवितो. वाचक हसतो आणि पुढे जातो. बारा वर्षांनी, १८६७ साली, याच मालिकेची सहावी कादंबरी ‘द लास्ट क्रॉनिकल ऑफ बार्सेट’ निघाली. तीत हार्डिंग जराजर्जर झाला आहे. वाद्य वाजविण्याची शक्ती हातांत उरलेली नाही. तरी पेटीत ठेवलेल्या त्या चेलोच्या तारांना तो अधूनमधून बोट लावतो, आणि घरातील माणसांस एक क्षीण स्वर ऐकू येतो. हा प्रसंग सुटा काढून वर्गात वाचून दाखविला, तर साधारण वाटेल. मागची बारा वर्षे ज्याने त्या म्हाताऱ्याच्या सहवासात काढली, त्याचेच डोळे पाणावतील. असा परिणाम साधावयास एक पुस्तक पुरत नाही, सहा लागतात.

त्याच ‘लास्ट क्रॉनिकल’मधील क्रॉली हा दरिद्री धर्मोपदेशक पाहा. वर्षाला १३० पौंडांवर संसार, अगाध विद्वत्ता, आणि तितकाच अगाध ताठा. त्याच्यावर २० पौंडांचा धनादेश चोरल्याचा आरोप येतो, आणि तो आपल्याकडे आला कोठून हे त्याला स्वतःलाच नीट आठवत नाही! निरपराध मनुष्य स्वतःच्या शुद्धीविषयी साशंक होतो, ही यातना ट्रोलपने कोणताही आरडाओरडा न करता रंगविली आहे. धीर सुटलेल्या या पंडितास पावसात गाठून चिकाटी सोडू नका म्हणणारा एक विटा पाडणारा म्हातारा मजूर आहे. कादंबरीकाराची सहानुभूती कोठे होती, हे त्यावरून समजावे.

दुसरी सहा कादंबऱ्यांची मालिका राजकारणातील पॅलिसर घराण्याची. दशमान नाण्यांच्या हिशेबात बुडालेला रुक्ष तरुण प्लँटॅजनेट पॅलिसर मंत्री होतो, पंतप्रधान होतो, आणि १८८० च्या ‘द ड्यूक्स चिल्ड्रन’मध्ये विधुर बाप म्हणून आपल्यापुढे येतो. मुलामुलींनी निवडलेली स्थळे त्यास पसंत नाहीत. तत्त्वाने उदारमतवादी असलेल्या या गृहस्थाची घरात परीक्षा होते. हे पुस्तक चार खंडांऐवजी तीन खंडांत बसावे म्हणून ट्रोलपने त्यातून सुमारे ६५,००० शब्द कापले होते. मूळ संहिता २०१५ साली प्रथमच छापली गेली. शब्दांवर मजुरी घेणारा म्हणून हिणविलेल्या लेखकाने हे कामही स्वहस्ते केले, याची नोंद त्याच्या टीकाकारांनी आपल्या वहीत अवश्य करावी.

आणि बाजारूपणाविषयी म्हणाल, तर त्यावर सर्वांत कठोर कोरडा ट्रोलपनेच ओढला आहे. १८७५ च्या ‘द वे वुई लिव्ह नाउ’मध्ये मेल्मॉट नावाचा सटोडिया कधी न बांधल्या जाणाऱ्या रेल्वेचे शेअर विकून लंडनच्या उमरावांस नाचवितो. परंतु कादंबरीचा आरंभ या लबाडाने होत नाही. आरंभी एक लेखिका आपल्या सुमार पुस्तकास बरे अभिप्राय मिळावेत म्हणून तीन संपादकांस तीन लाडिक पत्रे लिहीत बसलेली आहे. समाज सडतो त्यात वाङ्मयव्यवहाराचाही वाटा असतो, हे सांगावयास ट्रोलप कचरला नाही. पुस्तके परीक्षणार्थ स्वीकारणाऱ्या आम्हां सर्वांस ते प्रकरण वर्षातून एकदा वाचणे हितावह होईल.

४७ पैकी प्रत्येक कादंबरी चांगली आहे, असे आम्ही म्हणत नाही. काही पसरट आहेत, काहींत कथानक ओढूनताणून लांबविले आहे, आणि आपण सांगतो ती केवळ गोष्ट आहे अशी मध्येच वाचकाला आठवण करून देण्याची त्याची खोड हेन्री जेम्ससारख्या कलावंतास खटकली, ती उगीच नव्हे. पण सामान्य जीवनाची पुरी जाण हा ट्रोलपचा थोर गुण आहे, हे त्याच जेम्सने १८८३ साली कबूल केले होते. सामान्य जीवन विपुलच असते; ते चिमटीत धरता येत नाही.

म्हणून आमचे सांगणे इतकेच, की लेखकाने किती लिहिले हा प्रश्न टीकाकाराने ग्रंथसूचीकाराकडे सोपवावा आणि काय लिहिले हे स्वतः वाचून ठरवावे. आमच्या तरुण लेखकांनीही स्फूर्तीची वाट पाहत उशिरापर्यंत अंथरुणात पडून राहण्यापूर्वी त्या साडेपाचच्या मेजाकडे एकदा पाहावे. आणि वाचकांस विनंती, की आरंभ ‘द वॉर्डन’पासून करावा. पुस्तक लहान आहे. ते संपताच ‘बार्चेस्टर टॉवर्स’ जवळ असू द्यावे.