अडीच एकरांचे अर्थशास्त्र

नांदेड जिल्ह्याच्या ईशान्येकडील किनवट तालुक्यात, इस्लापूरजवळ, पैनगंगा सहस्रकुंडाच्या काळ्या कातळावरून कोसळते. पावसाळ्यात हा प्रपात पाहण्यासाठी नांदेड आणि यवतमाळ जिल्ह्यांतून माणसांची रीघ लागते. उन्हाळा आला की याच नदीचे पात्र कोरडे पडते आणि काठावरची गावे वरच्या इसापूर धरणातून पात्रात पाणी सोडावे म्हणून निवेदने देऊ लागतात. धरण त्यांच्याच नदीवर आहे; पण धरणातले पाणी कालव्यांनी लाभक्षेत्राकडे जाते आणि लाभक्षेत्राबाहेरच्या नदीकाठाला याचकाची भूमिका घ्यावी लागते. न्याय्य आणि निसर्गाशी सुसंगत अर्थनीतीची चर्चा आज सर्वत्र चालते. त्या चर्चेची खरी कसोटी सहस्रकुंडाच्या खाली, नदीच्या कोरड्या वाळूत आहे.

महाराष्ट्रात या विषयाच्या अभ्यासाची उणीव कधीच नव्हती. पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेने १९३० पासून ही परंपरा निर्माण केली. संस्थेचे पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ यांनी गोदावरी आणि प्रवरा कालव्यांपासून झालेल्या प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष लाभांची पाहणी करून तिचा अहवाल १९४८ मध्येच प्रसिद्ध केला. त्याच संस्थेचे पुढील संचालक वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली १९८३ मध्ये सत्यशोधन समिती नेमली गेली आणि तिने १९८४ मध्ये राज्याच्या विकासाचा अनुशेष ३१८६ कोटी रुपयांचा ठरविला. मराठवाड्याच्या उपेक्षेला प्रथमच आकड्यांची भाषा मिळाली. त्यानंतर डॉ. विजय केळकर समितीने २०१३ मध्ये संतुलित प्रादेशिक विकासाचा अहवाल दिला. या सर्व अभ्यासकांचे ऋण मान्य केलेच पाहिजे. पण अनुशेष मोजताना दांडेकर समितीने जिल्हा हे एकक धरले आणि शासनाच्या विचारातही तेच रुजले. नांदेड जिल्ह्याच्या सरासरीत गोदावरीवरचे विष्णुपुरी धरणही येते आणि किनवटच्या डोंगरातला कोलामपोडही येतो. विष्णुपुरीच्या भरलेल्या जलाशयामागे इस्लापूरचा कोरडा उन्हाळा दिसेनासा होतो. सरासरीने कोणाचीही तहान भागत नाही.

येथे एका वेगळ्या शोधसंस्थेचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. नानाजी देशमुख यांचा जन्म १९१६ मध्ये कडोळी येथे झाला. इस्लापूरच्या शेजारच्या, आजच्या हिंगोली जिल्ह्यातले हे गाव. पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या निधनानंतर १९६८ मध्ये नानाजींनी दीनदयाल शोध संस्थानाची स्थापना केली. दीनदयाळजींनी १९६५ मध्ये मुंबईतील व्याख्यानांतून एकात्म मानवदर्शनाची मांडणी केली होती. त्या दर्शनाचा अर्थव्यवहारात काय अर्थ होतो, याचा शोध घेणे हे संस्थानाचे प्रयोजन. हा शोध ग्रंथालयात बसून पूर्ण होणार नाही, हे नानाजींनी ओळखले. १९७७ मध्ये चालून आलेले मंत्रिपद त्यांनी नाकारले आणि पुढच्याच वर्षी उत्तर प्रदेशातील गोंडा जिल्ह्यात ग्रामविकासाचे काम उभे केले. लोखंडी नळ परवडत नाहीत म्हणून तेथे बांबूचे नळ वापरून हजारो कूपनलिका घेण्यात आल्या. पुढे चित्रकूट परिसरातील सुमारे ५०० गावे डोळ्यांपुढे ठेवून काम सुरू झाले. सुशिक्षित दांपत्याने काही गावांची जबाबदारी घेऊन तेथेच संसार थाटायचा, ही समाजशिल्पी दांपत्याची कल्पना त्यातूनच साकारली.

या कामातील सर्वांत मोलाचा भाग म्हणजे त्याचे मोजमाप. संस्थानाच्या कृषी विज्ञान केंद्रांनी पाच माणसांच्या कुटुंबाचा हिशेब मांडला : सिंचनाची सोय असेल तर दीड एकरात आणि कोरडवाहू असेल तर अडीच एकरांत हे कुटुंब सन्मानाने कसे जगेल? धान्य, डाळ, भाजी, फळझाड, गाय आणि शेणखत यांची सांगड घालून त्याचे उत्तर शोधले गेले. म्हणजे येथे अर्थनीतीचे एकक राष्ट्रीय उत्पन्न नाही, जिल्हाही नाही. अल्पभूधारक कुटुंब हे एकक आहे. आपल्या मराठवाड्यातही अंबाजोगाईला संस्थानाचे कृषी विज्ञान केंद्र आहे.

याच आकड्यापाशी दुसऱ्या वाटेने पोहोचलेला एक मराठी माणूस म्हणजे पाणी पंचायतीचे प्रवर्तक विलासराव साळुंखे. १९७२ च्या दुष्काळाने अस्वस्थ झालेल्या या उद्योजक अभियंत्याने पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे काम सुरू केले. त्यांचे नियम सुस्पष्ट होते. पाणी जमिनीच्या प्रमाणात न देता माणसांच्या प्रमाणात द्यायचे. दरडोई अर्धा एकर आणि कुटुंबाला जास्तीत जास्त अडीच एकर. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा. जमीन विकली तरी पाण्याचा हक्क तिच्याबरोबर जाणार नाही. आणि ऊस लावायचा नाही.

हा शेवटचा नियम मराठवाड्याला झोंबणारा आहे. केंद्राच्या कृषी खर्च व मूल्य आयोगाने दाखवून दिले आहे की, महाराष्ट्रात पिकाखालील सुमारे ४ टक्के क्षेत्रावरचा ऊस सिंचनाचे सुमारे ७० टक्के पाणी पितो. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पिण्याचे पाणी आणावे लागले. त्याच हंगामात मराठवाड्यातील कारखान्यांनी उसाचे गाळपही केले. याचा दोष शेतकऱ्याच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे ठरेल. उसाला कायद्याने ठरलेला भाव आहे आणि ठरलेला ग्राहक आहे. तुरीला हमीभाव जाहीर होतो, पण खरेदी केंद्रापुढे पोती घेऊन ताटकळावे लागते. शहाणा शेतकरी खात्रीचे पीकच घेणार. तेव्हा उसाला शिव्या देण्यापेक्षा तूर, हरभरा आणि ज्वारी यांना खरेदीची तीच खात्री देणे, हा न्याय्य आणि निसर्गस्नेही असा एकच उपाय आहे. निसर्गाचा हिशेब आणि न्यायाचा हिशेब वेगवेगळ्या वह्यांत लिहिता येत नाही, हेच यातून सिद्ध होते.

इस्लापूरच्या परिसरात काय करता येईल, हे सांगण्यासाठी नव्या समितीची आवश्यकता नाही. इसापूरच्या पाणीवाटपात पिण्याचे पाणी आणि खालच्या नदीपात्रातील किमान प्रवाह यांची तरतूद आरंभीच व्हावी. उन्हाळ्यातील निवेदनांवर ती अवलंबून राहू नये. अनुशेष जिल्ह्याऐवजी उपखोऱ्याच्या आणि गावाच्या पातळीवर मोजला जावा. बारमाही पिकांना पाणी देण्यापूर्वी प्रत्येक कुटुंबाच्या किमान क्षेत्राला संरक्षित सिंचन मिळावे. किनवटची अनेक गावे पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात येतात. २००६ च्या वनाधिकार कायद्याने मोह, तेंदू आणि बांबू या गौण वनोपजांवर ग्रामसभेचा हक्क मान्य केला आहे. गडचिरोलीतील मेंढा (लेखा) गावाने २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळवून बांबूची विक्री स्वतः केली. गोंड, कोलाम आणि आंध बांधवांनी राखलेल्या जंगलाचे उत्पन्न त्यांच्याच घरात गेले, तर ते जंगलही राहील आणि हे बांधव रोजगारासाठी परमुलुखात जाणेही थांबवतील.

यात शासनाचे उत्तरदायित्व आहे आणि ते कोणत्याही एका पक्षाचे नाही. १९८४ नंतर मुंबईत अनेक रंगांची सरकारे आली. दीनदयाळजींचे नाव आज कित्येक योजनांना दिलेले आहे आणि नानाजींना २०१९ मध्ये मरणोत्तर भारतरत्न देऊन राष्ट्राने कृतज्ञता व्यक्त केली. हा सन्मान आनंदाचाच आहे. परंतु नामफलकाने पाट वाहत नाही. अंत्योदय हा शब्द जे अभिमानाने उच्चारतात, त्यांच्यावर त्याचा हिशेब देण्याची जबाबदारी इतरांपेक्षा अधिक आहे.

कार्यकर्त्यांपुढचे कार्यही तितकेच स्पष्ट आहे. ज्या भूमीने नानाजी दिले, त्या भूमीत गावाचा पाणी-ताळेबंद मांडणारी, ग्रामसभेला वनहक्काचे दावे भरण्यास साहाय्य करणारी आणि अडीच एकरांचा हिशेब शेतकऱ्याच्या बांधावर बसून जुळविणारी किती दांपत्ये उभी राहतात, यावर पुढचे सारे अवलंबून आहे. अहवालांची शेवटची ओळ इस्लापूरच्या शेवटच्या घरापर्यंत पोहोचेल, तेव्हाच शोधसंस्थांचा शोध पूर्ण झाला असे म्हणता येईल.