नाव सांगा, गाव सांगा!

गाव सोडून पुण्या-मुंबईत नोकरी करणाऱ्या आपल्या जमातीला एक पार्ट-टाइम जॉब फुकटात चिकटलेला असतो. घरच्यांचा टेक सपोर्ट! गॅसचं बुकिंग, लाइटबिल, बाबांचा विसरलेला पासवर्ड... आणि हल्ली त्यात एक नवं खातं उघडलंय. 'हे झाड कोणतं, सांग बरं!'

मला जालन्याहून आलेला फोटो असाच. मागच्या अंगणात, कंपाउंडच्या कडेला, कुणीही न लावलेलं, माणसाएवढं झुडूप. एप्रिल-मेमध्ये आईचा मोगरा माना टाकतो, पण या साहेबांना पाण्याची पर्वाच नाही. बाबा म्हणाले, "कापसाच्या जातीचं दिसतंय." शेजारच्या काकूंनी तर थेट निकाल दिला, "एरंड आहे हो, गुडघ्याला पाला बांधा." मोबाइलमधल्या अ‍ॅपला मात्र त्यात द्राक्षाचा वेल दिसला!

गंमत म्हणजे आमचं जालना बियाण्यांचं गाव. बद्रीनारायण बारवाले यांनी १९६४ मध्ये इथेच 'महिको' सुरू केली आणि १९९८ मध्ये त्यांना वर्ल्ड फूड प्राइझ मिळालं. इथल्या बियाण्याच्या पाकिटावर जात, लॉट नंबर, उगवणशक्ती सगळं छापलेलं. आणि आमच्या अंगणात हा विनालेबल पाहुणा!

मग मी घरी ऑर्डर सोडली : लांबून काढलेला फोटो नको. झाडाचा लांबून फोटो म्हणजे पासपोर्टसाठी पाठमोरा फोटो. पान दोन्ही बाजूंनी, पानाचा देठ, फूल आणि फळ, असे सगळ्यांचे जवळून फोटो हवेत. चीक निघतो का तेही बघा, पण हाताला लावू नका. आणि चव तर अजिबात घ्यायची नाही.

संध्याकाळपर्यंत केस सॉल्व्ह. एरंडाचं पान हाताच्या पंज्यासारखं खोल कातरलेलं असतं आणि देठ पानाच्या पोटात, छत्रीच्या दांडीसारखा जोडलेला असतो. आमच्या पानाला उथळ कोपरे होते आणि देठ कडेला, बदामाच्या खाचेत. एरंडाच्या फळाला बहुधा मऊ काटे असतात. आमची फळं गुळगुळीत, हिरवी, काही पिवळी पडलेली. आत काळ्या बिया. फांदी मोडली की पाण्यासारखा चीक, कपड्यावर डाग पाडणारा. म्हणजे मोगली एरंड, ऊर्फ रानएरंड, ऊर्फ जट्रोफा! मूळचा अमेरिका खंडातला. शेळ्या तोंड लावत नाहीत, म्हणून आपल्याकडे कुंपणाला लावतात. २००३ च्या सुमारास याच्या तेलावर गाड्या पळवायचं स्वप्न दिल्लीत रंगलं होतं, तोच हा हीरो.

आता तुम्ही म्हणाल, नाव कळलं, पुढे काय? पुढे दिवाळीची सुट्टी होती आणि सात वर्षांची भाची येणार होती. मोगली एरंडाच्या बिया शेंगदाण्यासारख्या गोडसर लागतात, आणि तिथेच घात होतो. खाल्ल्यावर पोटात दुखतं, उलट्या-जुलाब सुरू होतात. शाळेच्या आवारातल्या बिया खाऊन मुलं दवाखान्यात, ही बातमी महाराष्ट्रातल्या पेपरांत पुन्हा पुन्हा येते. यावर खास असा उतारा नाही. लक्षणं बघून सलाइन वगैरे उपचार करतात. अशा वेळी घरगुती प्रयोग न करता, उरलेली बी सोबत घेऊन सरळ डॉक्टरकडे जायचं. 'एरंड म्हणजे एरंडेल, म्हणजे औषधच की' हा काकूंचा हिशेबही खरा नाही. गाळलेलं एरंडेल वेगळं, खऱ्या एरंडाची बी तर आणखी विषारी.

काकू चुकल्या म्हणून हसू नका. दोन झाडांना एकच आडनाव असलं की असं होणारच. म्हणून तर कुणीतरी बसून नीट यादी करावी लागते. थिओडोर कुक यांनी मुंबई इलाख्याच्या वनस्पतींचा मोठा ग्रंथ १९०८ पर्यंत पूर्ण केला, पण जालना तेव्हा निजामाच्या राज्यात. डॉ. व्ही. एन. नाईक यांचा 'फ्लोरा ऑफ मराठवाडा' आला तो १९९८ मध्ये. बारवाल्यांच्या प्राइझचंच वर्ष! जिल्ह्याच्या गावी कॉलेज असतं, त्यात बॉटनी डिपार्टमेंट असतं. ताजी फांदी, फुला-फळांसकट, तिथे नेऊन दाखवा. अ‍ॅप अंदाज सांगतं. खात्री करून घ्यायला फूल-फळ हातात घेऊन बघणारं माणूस लागतं. आमचाही निकाल बाबांनी तसाच पक्का करून आणला.

झुडूप अजून उभं आहे, कारण आईला त्याची सावली हवीय. फळं मात्र हातमोजे घालून, पिकायच्या आत उतरवली जातात, आणि भाचीला नावानिशी ओळख करून दिलीय : बघायचं, खायचं नाही. तुमच्या घरून असा फोटो आला, तर नुसता थम्ब्ज-अप टाकून मीटिंगला पळू नका. पाच मिनिटं काढा, फळाचा फोटो मागवा. आणि घरात लहान मूल असेल तर आजच मागवा.