प्रश्न उद्भवतो



विधिमंडळातल्या प्रश्नोत्तरांचे छापील कागद ज्यांनी कधी हातात धरले असतील, त्यांना त्यातली भाषा पाठ झाली असेल. वर आमदाराचा प्रश्न : अमुक तालुक्यात अमुक घडले, हे खरे आहे काय? असल्यास शासनाने चौकशी केली आहे काय? नसल्यास विलंबाची कारणे काय? खाली मंत्रिमहोदयांचे उत्तर : हे अंशतः खरे आहे. कार्यवाही सुरू आहे. आणि सर्वांत शेवटी : प्रश्न उद्भवत नाही. रानडुकरांचा कळप रात्रभर पऱ्हाटीत लोळून गेला, रोह्यांनी ज्वारी बुडापासून खाल्ली, पंचनाम्याला कोणी फिरकले नाही, तरी मंत्रालयाच्या कागदावर प्रश्न उद्भवत नाही.

असले कागद वाचून आपल्यातले बरेच जण म्हणतात, की आमदारामागे फिरण्यापेक्षा रस्त्यावर बसलेले बरे. रस्त्यावर बसायला आमची कधीच ना नव्हती. पण रस्ता मोकळा झाल्यावर तहसीलदार जे आश्वासन देतात ते तोंडी असते आणि त्यांची बदली झाली की तेही त्यांच्यासोबत जाते. सभागृहात दिलेले उत्तर छापले जाते. त्यावर खात्याचे नाव असते, तारीख असते. मंत्र्याने 'करतो' म्हटले तर ते विधिमंडळाच्या आश्वासन समितीकडे जाते आणि सचिवाला तिच्यापुढे उभे राहून सांगावे लागते, की केले का नाही. 'हे अंशतः खरे आहे' या चार शब्दांत सरकार काय कबूल करून बसले, हे आपण नीट वाचत नाही. म्हणून हा अंक त्यावर.

नागपूर कराराची आठवण दर हिवाळ्यात निघते. २८ सप्टेंबर १९५३ ला करार झाला. त्यात सरकारने ठराविक काळ नागपुरात मुक्काम करावा आणि वर्षाचे निदान एक अधिवेशन तिथे भरवावे असे ठरले. विदर्भाचे दुखणे विदर्भात येऊन ऐकायचे, हा त्यातला हेतू. आता हिशेब पाहा. २०२० आणि २०२१ ची हिवाळी अधिवेशने नागपुरात झालीच नाहीत, ती मुंबईत उरकली. २०२४ साली मंत्र्यांचा शपथविधी १५ डिसेंबरला नागपुरात झाला, १६ ला अधिवेशन सुरू झाले, २१ ला संपले आणि त्यानंतर खातेवाटप झाले. म्हणजे सहा दिवस मंत्री होते, पण कोणाकडे कोणते खाते ते ठरलेले नव्हते. कृषिमंत्री कोण हेच ठाऊक नसताना कापसाचे कोणाला विचारायचे? घरी पाहुणे आले, पंगत बसली आणि वाढपीच ठरला नाही, अशातली गत. बिनखात्याच्या मंत्र्यांना संत्री मात्र भरपूर मिळाली असतील.

कोणी म्हणेल, एवढ्याशा आमदारांनी काय होणार? चंद्रपूर जिल्ह्याचे सहा आणि गडचिरोलीचे तीन, असे नऊ आमदार २८८ च्या सभागृहात. या आकड्याची दुसरी बाजू सांगतो. इंग्लंडला लागून वेल्स नावाचा मुलूख आहे, मेंढपाळांचा आणि जुन्या कोळसाखाणींचा. क्षेत्रफळ सुमारे २०,७०० चौरस किलोमीटर, २०२१ च्या मोजणीत लोक सुमारे ३१ लाख. आपले दोन जिल्हे मिळून सुमारे २५,८०० चौरस किलोमीटर आणि २०११ च्या जनगणनेत ३२ लाख ७७ हजार लोक. म्हणजे आपण त्यांच्याहून मोठे. त्या वेल्सने १९९७ साली मतदान घेऊन, सात हजारांहून कमी मतांच्या फरकाने का होईना, स्वतःचे विधिमंडळ मागून घेतले. १९९९ साली ते भरले तेव्हा त्यात ६० सभासद होते. त्यांतले २० अख्ख्या विभागातून निवडलेले होते, एका गावाचे ना एका तालुक्याचे. २०२४ च्या कायद्याने सभासदसंख्या ९६ करण्यात आली. दवाखाना, शाळा, शेती, खेड्यातली बस, हे सगळे त्याच सभागृहाच्या हातात. तिथला सभासद उठून विचारतो, की माझ्या विभागात रुग्णगाडी वेळेवर का आली नाही, तर उत्तर देणारा मंत्री समोरच्याच बाकावर असतो आणि त्याला 'वरच्यांकडे विचारा' म्हणता येत नाही. तिथले सगळे गोड आहे असे नाही. दवाखान्यापुढच्या रांगा तिथेही आहेत. पण विचारणारे आणि उत्तर देणारे एकमेकांना ओळखतात.

आपल्याकडे विचारणारे नव्हते असे मात्र कोणी म्हणू नये. यवतमाळच्या जांबुवंतराव धोट्यांना १९६४ साली सभागृहातून काढून टाकण्यात आले. पेपरवेट भिरकावल्याची ती कथा म्हाताऱ्यांना अजून आठवते. लोकांनी त्यांना पुन्हा निवडून पाठवले. वरोऱ्याचे मोरेश्वर टेमुर्डे १९९१ ते १९९५ या काळात विधानसभेचे उपाध्यक्ष होते, म्हणजे शेतकरी आंदोलनातला माणूस थेट सभागृह चालवायला बसला. राजुऱ्याचे वामनराव चटप तीनदा आमदार झाले. २००४ ला निवडून गेले तेव्हा स्वतंत्र भारत पक्षाचे ते एकटेच आमदार. एकट्याच्या मागे बाके वाजवणारे नसतात. मग कागद पक्का लागतो, नियम पाठ लागतात आणि गावातून आलेली माहिती खरी लागते. ही तिसरी गोष्ट आमदाराच्या हातात नाही, आपल्या हातात आहे.

आता पोंभुर्ण्याकडे येऊ. हा तालुका बल्लारपूर मतदारसंघात आहे. इथले आमदार सुधीर मुनगंटीवार २०१४ ते २०१९ अर्थ आणि वनमंत्री होते, २०२२ ते २०२४ पुन्हा वनमंत्री. आमदार मंत्री झाला की तालुक्याला आनंद होतो, आणि तो रास्तही आहे. पण एक गोष्ट कोणी सांगत नाही. मंत्री प्रश्न विचारत नाही, तो उत्तर देतो. ज्या वर्षी तुमचा आमदार मंत्री, त्या वर्षी तुमच्या तालुक्याचा प्रश्न मांडायला दुसऱ्याचा आमदार शोधावा लागतो. डिसेंबर २०२४ च्या मंत्रिमंडळात त्यांचे नाव आले नाही आणि त्यानंतर ते सत्ताधारी बाकावरूनच सरकारला प्रश्न करताना दिसले. त्यामागचे राजकारण ज्याचे त्याला लखलाभ. आपल्या दृष्टीने विचारणारा माणूस मोकळा झाला, एवढेच पुरे.

आणि विचारायचे काय, तेही त्यांच्याच हातून तयार झाले आहे. २०२३ च्या पावसाळी अधिवेशनात वनमंत्री म्हणून त्यांनी वन्यप्राण्यांमुळे होणाऱ्या हानीच्या भरपाईचे विधेयक मांडले. ३० दिवसांत भरपाई नाही, तर उशिराच्या रकमेवर व्याज. ही तरतूद वाचून आम्हाला बरे वाटले होते. जंगलाला लागून वावर असलेल्या माणसाला याहून जवळचा कायदा नाही. मग साधा प्रश्न : पोंभुर्णा तालुक्यात पीकहानीचे किती अर्ज आले, किती पंचनामे झाले, किती जणांना ३० दिवसांत पैसे मिळाले आणि उशीर झालेल्या किती जणांना व्याज दिले? चार आकडे. याला 'अंशतः खरे आहे' हे उत्तर बसतच नाही. आकडा द्यावा लागतो, नाहीतर आकडा नाही हे लिहून द्यावे लागते.

कृषिशास्त्राच्या पुस्तकात आम्ही शिकलो, की कीड आर्थिक नुकसानीच्या पातळीला पोहोचण्याआधी शेतात फिरून मोजणी करायची. पऱ्हाटीच्या वीस झाडांवरची बोंडे मोजतो तशीच ही मोजणी. मोघम 'फार नुकसान झाले हो' म्हणून चालत नाही.

प्रश्न निवडतानाही डोके लावायला हवे. २०२५ च्या ऑगस्टात केंद्राने कापसाच्या आयातीवरचे ११ टक्के शुल्क काढले आणि ती सूट पुढे ३१ डिसेंबरपर्यंत वाढवली, ऐन वेचणीच्या तोंडावर. त्या हंगामाचा लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये, पण सीसीआयच्या काट्यावर ओलावा बाराच्या वर गेला की माल परत. यावर संताप आहे आणि तो मावणार नाही. पण मुंबईत हा प्रश्न टाकला तर 'विषय केंद्र शासनाच्या अखत्यारीतील आहे' एवढेच उत्तर येईल, आणि आमदाराची एक पाळी वाया जाईल. त्यासाठी खासदाराला गाठा. राज्याच्या हातात जे आहे ते आमदाराकडे : प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टराची जागा भरलेली आहे का, एसटीची बंद झालेली फेरी कोणत्या आदेशाने बंद झाली, ज्वारीच्या खरेदीची नोंदणी कोणत्या तारखेला सुरू झाली आणि माल घरात कधी आला होता. अर्ध्या तिकिटाची सवलत बायांना मिळाली, पण गावात गाडीच येत नसेल तर अर्धे तिकीट कशाचे काढायचे? कृषी सहायकाचे नाव २०२५ साली सहायक कृषी अधिकारी झाले. नाव लांबले, त्याच्याकडची गावे कमी झाली का, हेही विचारता येते.

आमदार नाहीच म्हणाला, तर विधिमंडळाची विनंती अर्ज समिती आहे. साध्या नागरिकाचा अर्ज सभासदाच्या सहीने तिच्यापुढे जातो. त्याच्या पक्षाचा सभासद सही देत नसेल तर दुसऱ्या पक्षाचा गाठावा, नऊ जण आहेत.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक गावाने एक वही आणावी. वन्यप्राण्यांच्या नुकसानीची नोंद : गट नंबर, पीक, कोणत्या रात्री, अर्ज कोणत्या तारखेला दिला, पोच मिळाली का, पंचनाम्याला कोण आले, पैसे कधी आणि किती जमा झाले. पोच नसलेली प्रकरणे वेगळ्या पानावर. अर्जाची प्रत हरवली असेल तर तसे लिहा, मनाने तारीख टाकू नका. बैठकीत पोंभुर्णा, मूल आणि गोंडपिपरीच्या वह्या एकत्र मांडून त्याच टेबलावर प्रश्नाचा मसुदा लिहू आणि तो नऊही आमदारांना एकाच दिवशी, पोच घेऊन, देऊ.