मळभ आभाळात, राग शहरावर

जुलै संपत आला की मुंबई-ठाण्यापासून रत्नागिरी-सावंतवाडीपर्यंत अनेक घरांत एक वाक्य ऐकू येते : ‘आता इथे राहण्यात अर्थ नाही.’ दोरीवरचे कपडे चार दिवस वाळलेले नसतात, भिंतीला ओल आलेली असते, लोकल उशिरा धावत असते आणि सूर्यदर्शन होऊन आठवडा उलटलेला असतो. तेच वाक्य नोव्हेंबरात सहसा कानावर येत नाही. मग पावसाळ्यातली ही नाराजी कितपत खरी मानायची? घर विकणे, बदली मागून घेणे, गावाकडे परतणे यांसारखे मोठे निर्णय या नाराजीच्या भरात घेतले जाऊ शकतात, म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा आहे.

मानसशास्त्रात या विषयावर एक गाजलेला प्रयोग आहे. नॉर्बर्ट श्वार्ट्झ आणि जेराल्ड क्लोर यांनी तो 1983 मध्ये प्रसिद्ध केला. त्यात अमेरिकेतील काही लोकांना फोन करून त्यांच्या आयुष्याबद्दलचे समाधान विचारले गेले. पावसाळी दिवशी फोन आलेल्यांनी उन्हाच्या दिवशी बोललेल्यांपेक्षा कमी समाधान सांगितले. गंमत पुढे आहे. ज्यांना आधी ‘तुमच्याकडे हवा कशी आहे?’ एवढेच सहज विचारले होते, त्यांच्या उत्तरांतून हा फरक जवळजवळ नाहीसा झाला. मन उदास का आहे हे लक्षात आले, की माणूस त्याचा दोष आयुष्यावर टाकत नाही, असा अर्थ संशोधकांनी लावला.

हा निष्कर्ष मात्र जसाच्या तसा स्वीकारता येत नाही. रिचर्ड लुकास आणि निकोल लॉलेस यांनी 2013 मध्ये अमेरिकेतील सुमारे दहा लाख लोकांची उत्तरे त्या त्या दिवसाच्या हवामानाशी ताडून पाहिली, तेव्हा त्या दिवशीची हवा आणि आयुष्याबद्दलचे समाधान यांत ठाम संबंध आढळला नाही. एका पावसाळी दिवसामुळे संपूर्ण आयुष्याचा हिशेब बदलत नाही, हेच अधिक विश्वासार्ह दिसते. 

हवामानाच्या सुखाबद्दलचे अंदाजही चुकतात. डेव्हिड श्केड आणि डॅनियल काहनेमन यांनी 1998 मध्ये कॅलिफोर्नियातील आणि अमेरिकेच्या मध्य-पश्चिमेतील विद्यार्थ्यांची तुलना केली. ऊबदार, लख्ख उन्हाच्या कॅलिफोर्नियात लोक अधिक सुखी असणार, असे दोन्हीकडच्यांना वाटत होते. प्रत्यक्षात स्वतःच्या आयुष्याबद्दलचे दोघांचे समाधान सारखेच निघाले. दुसऱ्या गावाचा विचार करताना डोळ्यांसमोर तिथले ऊन येते. तिथले भाडे, प्रवास आणि एकटेपणा येत नाही. फिनलंडची राजधानी हेलसिंकी येथे डिसेंबरात दिवस सहा तासांचाही नसतो, तरी जागतिक आनंद अहवालात तो देश 2018 ते 2025 सलग पहिला राहिला.

याचा अर्थ मळभाचा काहीच परिणाम होत नाही, असा नाही. परिणाम होतो तो पावसाच्या मिलिमीटरपेक्षा उजेडाच्या कमतरतेचा. उदासवाण्या हवेसाठी प्रसिद्ध असलेल्या सिएटलमध्ये वर्षाला साधारण हजार मिलिमीटरच्या आत पाऊस पडतो. मुंबईत त्याच्या दुपटीहून अधिक पडतो. सिएटलचे दुखणे आहे ते महिनोन्‌महिने टिकणाऱ्या करड्या आभाळाचे. डोळ्यांत शिरणारा उजेड मेंदूतल्या जैविक घड्याळाला वेळ सांगतो. तो कमी पडला की झोप, उत्साह आणि भूक यांची घडी विस्कटू शकते. ढगाळ दिवशीही बाहेर हजारो लक्स उजेड असतो आणि दिवाणखान्यातल्या दिव्याखाली बहुधा काहीशेच. त्यामुळे पावसाची उघडीप मिळाली की सकाळी अर्धा तास बाहेर पडणे, खिडकीचे पडदे बाजूला सारणे आणि कामाचे टेबल खिडकीशी नेणे, हे उपाय फुकटचे असले तरी निरर्थक नाहीत.

ऋतूनुसार येणाऱ्या नैराश्याचे वर्णन नॉर्मन रोझेंथल आणि सहकाऱ्यांनी 1984 मध्ये केले. ते प्रामुख्याने उत्तरेकडच्या देशांतल्या लहान दिवसांच्या हिवाळ्याशी जोडलेले आहे. महाराष्ट्रात जून-जुलैचे दिवस वर्षातले सर्वांत मोठे असतात, म्हणून प्रत्येक पावसाळी मरगळीला त्या आजाराचे नाव देणे चूक. पण ‘पावसामुळे होतेय’ म्हणून खऱ्या नैराश्याकडे काणाडोळा करणे त्याहून मोठी चूक. उदासी, कशातच रस न वाटणे, झोप बिघडणे हे सलग दोन आठवडे चालले, तर डॉक्टरांना भेटावे. ‘टेलि-मानस’च्या 14416 या क्रमांकावर बोलण्याचीही सोय आहे. जगणे नकोसे वाटत असेल, तर दोन आठवडे थांबूच नये.

आता नाराजीची दुसरी बाजू. पावसाचा अर्थ सगळीकडे एकच नसतो. मुंबईकराला वैताग आणणारे आभाळ लातूर-बीडच्या शेतकऱ्याला धीर देते. तिथे जुलैतले निरभ्र आकाश पोटात गोळा आणते. म्हणजे त्रास केवळ पाण्याचा नसतो. पाणी पडल्यावर घराचे आणि शहराचे काय होते, यावर बरेच अवलंबून असते. आणि तिथे रहिवाशाची तक्रार मनाचा खेळ म्हणून उडवून लावता येत नाही. ओल आणि बुरशी असलेल्या घरांत दम्याचा आणि श्वसनाच्या इतर तक्रारींचा धोका वाढतो, हे जागतिक आरोग्य संघटनेने 2009 च्या मार्गदर्शक सूचनांत स्पष्ट म्हटले आहे. गळकी गच्ची, तुंबलेले गटार, गुडघाभर पाण्यातली शाळेची वाट यांचे खापर ढगांवर फोडणे गृहनिर्माण संस्थेला आणि पालिकेला सोयीचे असते. ‘पावसाळा आहे, चालायचंच’ हे वाक्य त्याच सोयीतून येते.

म्हणून पावसाला न्यायाधीश करू नये, पण त्याची साक्ष जरूर नोंदवावी. जुलैतल्या तक्रारी कागदावर लिहून काढल्या, तर त्यांचे दोन भाग सहज पडतात. कंटाळा, सुस्ती, कोंडल्यासारखे वाटणे हा एक भाग; त्यावर उजेड, चालणे आणि माणसांच्या गाठीभेटी हा इलाज. भिंत, गटार, रस्ता हा दुसरा. त्यावर लेखी अर्ज, दुरुस्ती आणि पाठपुरावा. नवे घर घेणाऱ्याने ते ऐन पावसाळ्यातच एकदा पाहावे, कारण मार्चमध्ये कोणतीच भिंत खरे बोलत नाही. असलेले घर सोडायचे की नाही, हे मात्र दिवाळीनंतरच्या एखाद्या कोरड्या सकाळी तोच कागद पुन्हा वाचून ठरवावे. तेव्हाही जी तक्रार तितकीच टोचेल, ती आभाळाची नव्हे, त्या जागेचीच समजावी.