जुने दुकान उतरविण्यापूर्वी

विटा-चुन्याचे जुने दुकान पाडून नवे बांधावे, हा विचार मूलच्या पेठेतील अनेक घरांत चालू असतो. अशा वेळी कारंजा (लाड) आठवते. वऱ्हाडातील या पेठेत एका जैन व्यापाऱ्याने उंटांवरून आलेली सारी कस्तुरी विकत घेऊन बांधकामाच्या चुन्यात कालविली, अशी आख्यायिका आहे. ‘कस्तुरीची हवेली’ हे नाव त्यावरूनच पडले.

या संपन्नतेची कीर्ती दूरवर होती. १६७० मध्ये शिवरायांच्या फौजेने कारंजा लुटले, तेव्हा लूट वाहण्यास सुमारे ४००० बैल-गाढवे लागली, असे इतिहासकार लिहितात.

धन गेले. परंतु सेनगण, बलात्कारगण व काष्ठासंघ यांच्या मंदिरांतील ग्रंथभांडारे पुढील पिढ्यांनी सांभाळली. रायबहादूर हिरालाल यांच्या १९२६ च्या सूचीने ती अभ्यासकांपुढे आली आणि १९३१ मध्ये पुष्पदंताच्या ‘जसहरचरिउ’ या अपभ्रंश काव्याने कारंजा जैन ग्रंथमाला सुरू झाली.

म्हणून दुकान उतरविण्यापूर्वी माळा अवश्य पाहावा. रोजमेळ, खतावणी, हुंडी, एखादी पोथी, काहीही रद्दीत जाऊ देऊ नये. भिंत पुन्हा उभारता येईल. आजोबांच्या हातचे अक्षर पुन्हा मिळणार नाही.