विश्लेषण : कॉकटेलचे टिंक्चर वर्ध्यात का नको?

मुंबई-गोव्याच्या बारमध्ये घरगुती टिंक्चरचे थेंब घातलेली कॉकटेल सध्या जोरात आहेत. मोबाइलवर कृती पाहून ती घरीच करण्याचा मोह होतो. वर्धा जिल्ह्यात मात्र दारूबंदी आहे.

टिंक्चर म्हणजे काय?
दालचिनी, संत्र्याची साल यांसारखे पदार्थ तीव्र मद्यार्कात भिजवून काढलेला अर्क. मद्यार्क सुगंधी तेल ओढून घेतो, म्हणून चार-दोन थेंबही पुरतात.

धोका कुठे?
बंदीमुळे पिण्यायोग्य मद्यार्क उघडपणे मिळत नाही. मग हात स्पिरिट किंवा सॅनिटायझरकडे वळतो. त्यात मिथेनॉल असल्यास दृष्टी जाते, जीवही जातो. २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणीत विषारी दारूने शंभरहून अधिक बळी घेतले. २०२१ मध्ये शेजारच्या यवतमाळातील वणी येथे सॅनिटायझर प्यायल्याने सात जण दगावले. दालचिनीच्या वासाने मिथेनॉलचे विष उतरत नाही.

पर्याय काय?
चव मद्यार्कावाचूनही उतरते. संत्र्याची साल व्हिनेगरमध्ये मुरवता येते, सुंठ-वेलची गुळाच्या पाकात उकळता येते. सोडा घातला की सरबत तयार. मोहफुलांचाही पाक होतो.

१९३४ मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ वर्ध्यातच स्थापन झाला. त्या वारशाला शोभेल असे काम समोर आहे: मोहफुले वेचणाऱ्यांना दारूच्या भट्टीपलीकडची बाजारपेठ देणे. केवळ छापे टाकून ती उभी राहणार नाही. प्रशासनाने बचत गटांना सरबताचे प्रशिक्षण आणि विक्रीची जागा द्यावी.