रायमुनियाला हद्द नाही, खात्यांना आहे

परतवाड्याहून सेमाडोह, हरिसालमार्गे धारणीकडे निघालेल्या प्रवाशाला पावसाळा सरता सरता रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गुलाबी-पिवळ्या फुलांची दाट झुडपे दिसतात. शहरातून आलेला पाहुणा त्या फुलांवर लुब्ध होतो. त्याच रस्त्याने गुरे घेऊन चाललेल्या कोरकू माणसाला मात्र तेथे एकच गोष्ट दिसते : येथले गवत गेले. या झुडपाला विदर्भात रायमुनिया म्हणतात, इतरत्र घाणेरी किंवा टणटणी म्हणतात. ते मूळचे उष्ण कटिबंधातील अमेरिकेचे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांच्या वनस्पतिउद्यानात शोभेचे झाड म्हणून ते आले, बंगल्यांच्या कुंपणांना लागले आणि कुंपणे ओलांडून जंगलात शिरले. १९५६ साली पुण्यात ज्याची नोंद झाली ते गाजरगवतही तसेच परदेशी आणि उघड्या माळावर वाढणारी रानतुळसही तशीच.

हा विषय वनस्पतिशास्त्रज्ञांचा आहे, राजकीय पक्षाच्या साप्ताहिकात त्याचे काय काम, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर असे की हा प्रश्न प्रथम जमिनीच्या मालकीचा आणि सत्तेच्या वाटपाचा आहे, झुडपाचा त्यानंतर. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासाने देशातील व्याघ्रक्षेत्रांच्या जंगलांपैकी सुमारे १,५४,००० चौरस किलोमीटर, म्हणजे चाळीस टक्क्यांहून अधिक क्षेत्र एकट्या रायमुनियाच्या धोक्याखाली असल्याचे दाखविले. जेथे हे झुडूप दाटते तेथे गवत मरते, सागाची आणि मोहाची नवी रोपे उजेडाला मुकतात. सांबर-गवा चाऱ्यासाठी भटकतो आणि गावची गुरे ते खाऊन आजारी पडतात. वाघाचे आणि कोरकूचे हित परस्परविरोधी आहे असे आपल्याला वारंवार ऐकविले जाते. येथे तरी दोघांचा शत्रू एकच आहे.

मग त्याचा बंदोबस्त का होत नाही? या वनस्पतींचा स्वभाव पाहिला म्हणजे उत्तर सापडते. रायमुनियाची काळी फळे बुलबुलासारखे पक्षी खातात आणि बी दूरवर टाकतात. झुडूप वरून छाटले किंवा जाळले तर ते बुडातून अधिक जोमाने फुटते. जमिनीखालचा बुडखा काढल्यावाचून ते मरत नाही. गाजरगवताचे एक झाड हजारो बिया देते आणि त्या बिया रस्त्याच्या मुरुमातून, शेणखतातून, गाडीच्या चाकांना लागलेल्या चिखलातून गावोगाव जातात. म्हणजे एका तुकड्यातली सफाई शेजारचा तुकडा दोन पावसाळ्यांत फुकट घालवतो. सर्वांनी एकाच वेळी आणि सलग काही वर्षे काम केले तरच त्याचा उपयोग होतो.

आणि सर्वांनी मिळून काम करणे, नेमके हेच आपल्या शासनयंत्रणेला साधत नाही. धारणी तालुक्यात जंगलाचा एक भाग १९७४ साली अस्तित्वात आलेल्या मेळघाट व्याघ्रप्रकल्पाकडे, दुसरा प्रादेशिक वनविभागाकडे. मोठा रस्ता सार्वजनिक बांधकाम खात्याचा, आतला जिल्हा परिषदेचा. तलावाची पाळ पाटबंधाऱ्याची, गायरान महसूलचे, धूळघाटकडचा बंद पडलेला मीटरगेज लोहमार्ग रेल्वेचा आणि बांध शेतकऱ्याचा. प्रत्येकाचे खर्चाचे शीर्षक वेगळे आणि वर्षही मार्चअखेरचे. पैसा येतो तेव्हा बी जमिनीवर सांडून गेलेले असते. माती मऊ असते आणि गाजरगवत फुलावर यायचे असते, तेव्हा मंजुरी टेबलावर असते. रायमुनियाला हद्द नाही, खात्यांना आहे. या एका वाक्यात मेळघाटातील सफाईच्या अपयशाचे मूळ आहे.

कायद्याचा दुष्काळ मात्र नाही. १९९२ च्या जैवविविधता करारानुसार परकीय आक्रमक जातींना आवर घालण्याचे बंधन भारताने स्वीकारले आहे. २०२२ साली माँट्रियल येथे जगातील राष्ट्रांनी अशा जातींच्या शिरकावाचा वेग २०३० पर्यंत निम्म्याने घटविण्याचे ठरविले. त्याच वर्षी वन्यजीव संरक्षण कायद्यात दुरुस्ती होऊन या जातींची आयात, बाळगणे व प्रसार यांचे नियमन करण्याचा अधिकार केंद्र सरकारने आपल्या हाती घेतला. दारातून आत येणाऱ्या पाहुण्याला अडविण्यासाठी हा अधिकार उपयोगी आहे. जो दोनशे वर्षांपूर्वी घरात शिरून बसला त्याला बाहेर कोणी काढायचे, याचे उत्तर दिल्लीतील अधिकारातून मिळत नाही.

यावर नोकरशाहीचा ठरलेला तोडगा म्हणजे समन्वय समिती. जिल्हाधिकारी अध्यक्ष, खातेप्रमुख सदस्य, तीन महिन्यांनी बैठक, आणि ज्यांच्या गायरानात झुडूप वाढले त्यांचा एखादा प्रतिनिधी ‘विशेष निमंत्रित’. जेथे सगळेच जबाबदार तेथे कोणीच जबाबदार नसते. आमचे म्हणणे असे की समन्वयाचे केंद्र खात्यांच्या बैठकीत नसून ग्रामसभेत असले पाहिजे.

ही भावनेची भाषा नाही, कायद्याची आहे. धारणी आणि चिखलदरा हे दोन्ही तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत, त्यांना १९९६ चा पेसा कायदा लागू आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने ग्रामसभेला सामूहिक वनाचे रक्षण, पुनरुज्जीवन आणि व्यवस्थापन करण्याचा हक्क दिला. २०१२ च्या सुधारित नियमांनी तर ग्रामसभेच्या समितीने व्यवस्थापन आराखडा करावा आणि तो वनखात्याच्या आराखड्याशी जोडला जावा, असे स्पष्ट सांगितले. जिल्ह्यातच अचलपूर तालुक्यातील पायविहीरच्या लोकांनी सामूहिक वनहक्क मिळाल्यावर उजाड टेकड्यांवर स्वतः राबून जंगल परत आणले. शक्य काय आहे हे पाहायला परदेशी जाण्याची गरज नाही.

तरीही परदेशातील एक उदाहरण सांगण्यासारखे आहे. दक्षिण आफ्रिकेत वर्णभेदी राजवट संपल्यावर १९९५ साली नव्या सरकारने नद्यांचे पाणी शोषणारी परकीय झाडे तोडण्याचे काम हाती घेतले, आणि ते कंत्राटदारांच्या यंत्रांना न देता बेरोजगार गरिबांना, विशेषतः स्त्रियांना दिले. झाडांचा बंदोबस्त आणि रोजगार हा एकच कार्यक्रम झाला. ज्या महाराष्ट्राने रोजगार हमीचा कायदा १९७७ साली देशात प्रथम केला, त्याला ही कल्पना परकी वाटू नये. कोरकू कुटुंबे हंगाम संपताच मुलाबाळांसह मैदानी मुलखात मजुरीला उतरतात. बुडखे उपटण्याचे काम गावातच, वेळेवर मिळणाऱ्या मजुरीसह उभे राहिले, तर पोटासाठी होणारी ही पांगापांग काही प्रमाणात तरी थांबेल.

म्हणून मागण्या नेमक्या करू. काम खात्याच्या हद्दीनुसार न आखता सिपना, गडगा यांच्या पाणलोटानुसार आखावे आणि वरून खाली यावे. एकदा साफ केलेल्या जागी निदान तीन वर्षे फिरून निंदण करावे आणि तेथे स्थानिक गवताचे बी लगेच पेरावे, कारण मोकळी जमीन पुन्हा तणाच्याच हाती जाते. सगळे जंगल एकदम साफ होणार नाही. पाणवठे, कुरणे आणि गायराने यांना अग्रक्रम द्यावा. रस्त्याचा मुरूम गाजरगवताच्या खाणीतून आणणाऱ्याकडून सफाईचा खर्च वसूल करावा. प्रत्येक खात्याने आपल्या हद्दीतील सफाईचा पैसा एप्रिलमध्येच बाजूला काढावा आणि त्याचा हिशेब ग्रामसभेपुढे वाचावा.

वनखाते म्हणेल, ग्रामसभेला शास्त्र कळत नाही. शास्त्र सांगायला शास्त्रज्ञ जरूर यावेत, पण बोरी, कोहा, कुंड ही गावे प्रकल्पातून उठल्यावर त्यांच्या शेतांची कुरणे राखायला आज मजूर लावावे लागतात, हे खाते विसरू शकत नाही. ती जमीन जो दरवर्षी निंदत होता त्याला आपण बाहेर पाठविले. दुसरीकडे, आपल्या चळवळीनेही ग्रामसभेला देव्हाऱ्यात बसवू नये. चार पुढारी आणि एक कंत्राटदार मिळून तिचा ठराव लिहू शकतात. नियमाने उपस्थितांत एक तृतीयांश स्त्रिया असायला हव्यात. चाऱ्या-सरपणाचा भार ज्यांच्या डोक्यावर आहे त्यांच्यावाचून हा आराखडा होता कामा नये. रायमुनियाच्या फाट्यांपासून खुर्च्या-टोपल्या करण्याचे उद्योगही सुचविले जातात. ते पूरक म्हणून ठीक, पण ज्या दिवशी तणावर कोणाचे पोट चालू लागेल त्या दिवशी ते तण संपू नये असे वाटणाराही कोणी निर्माण होईल.

डॉ. लोहियांनी गाव, जिल्हा, प्रांत आणि केंद्र अशा चार खांबांवर उभ्या राज्याची कल्पना मांडली. मेळघाटात आज वरचे तीन खांब एकमेकांना पत्रे लिहितात आणि चौथा, ज्याच्या अंगणात झुडूप वाढते आहे, तो मजूर म्हणून रांगेत उभा आहे. लोहियांनीच कार्यकर्त्याला मतपेटी आणि तुरुंग यांच्याबरोबर फावडेही हाती घ्यायला सांगितले होते. येत्या पावसाळ्यात धारणीतील आपल्या साथींनी एका गावाच्या गायरानात ते फावडे घेऊन उतरावे, आणि संध्याकाळी त्याच गावच्या ग्रामसभेत बसून खात्यांकडे हिशेब मागण्याचा पहिला ठराव करावा.